गाळाची रोजनिशी

१९६० च्या आसपास आटगावच्या भातखाचरांत पाऊस पडे, तेव्हा त्याच्याबरोबर अत्यल्प प्रमाणात सीझियम-१३७ ही उतरत असे. अमेरिका, सोव्हिएत रशिया व ब्रिटन यांनी वातावरणात केलेल्या अणुस्फोटांची ती राख होती. ऑगस्ट १९६३ मध्ये या तिघांनी असे स्फोट थांबवण्याचा करार केला. उत्तर गोलार्धात हा वर्षाव त्याच वर्षी सर्वाधिक झाला.

पुढे या सीझियमचे काय झाले? रासायनिकदृष्ट्या ते पोटॅशियमसारखे असल्याने चिकणमातीच्या पापुद्र्यांत अडकते व सहसा सुटत नाही. पावसाळ्यात शहापूरची माती भातसेतून, मुरबाडची काळूतून उल्हास नदीत आणि पुढे खाडीत जाते. खाऱ्या पाण्यात तिचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. वर्गात दोन पेल्यांत गढूळ पाणी घेऊन एकात मीठ घाला, फरक दिसेल.

ट्रॉम्बेला १९५६ मध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. तेथील अणुकेंद्राचे प्रक्रिया केलेले सौम्य सांडपाणी मुंबई बंदराच्या खाडीत सोडले जाते. म्हणून शास्त्रज्ञ तिथल्या गाळातील सीझियम मोजत आले आहेत. गाळ हललेला नसेल, तर १९६३ चा थर ओळखून गाळ साचण्याचा वेगही काढता येतो. मात्र खाडी उपसली की ही पाने विस्कटतात आणि पुरलेले पुन्हा वर येते.

सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे. १९६३ चे सीझियम १९९३ मध्ये निम्मे, २०२३ मध्ये पाव उरले. २०५३ मध्येही आठवा हिस्सा शिल्लक असेल. आज आपल्यासमोर बसलेली मुले तेव्हा चाळिशीत असतील.