धुराला वाट

मुंबईच्या धुरासाठी सरकारने १९१२ साली कायदा केला. पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने कामाच्या जागेतील धूळ आणि धूर कामगाराच्या नाकातोंडात जाऊ नये, याची जबाबदारी मालकावर टाकली. या कलमासाठी आम्ही संघटनेतली माणसे पुष्कळ भांडलो. परंतु त्याच कामगाराची बायको घरी दोन्ही वेळ ज्या धुरात बसे, तो धूर कोणत्याच कलमात बसत नव्हता. स्वयंपाकघर हे कामाचे ठिकाण आहे, असे कायद्याला कधी वाटलेच नाही!

आमच्या वारंगा फाट्याच्या मुलखात जुनी घरे माळवदाची. धूर जावा म्हणून माळवदाला साणे, म्हणजे वर उघडे भोक, ठेवीत. पावसाळ्यात त्यावर झाकण पडे, आणि ओल्या तुराट्या-पऱ्हाट्यांचा धूर घरातच कोंडे.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास धुराड्याची मगन चूल तयार झाली. आमचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर पुस्तिकाच काढली. प्रयोगशाळेतल्या माणसाने चुलीपुढे बसावे, ही गोष्ट आम्हांला मोठी वाटते.

त्यांच्या चुलीतली युक्ती साधी होती. भांडी तोंडावर घट्ट बसवायची, धूर आतल्या बोगद्यातून धुराड्यात न्यायचा आणि मध्ये झडप ठेवून ओढ कमीजास्त करायची. ही ओढ येते कशाने? तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि मागची थंड हवा जाळात खेचली जाते. नळ जितका उंच व आतून उबदार, तितकी ओढ जास्त. आडवा लांबवला किंवा काटकोनात वळवला की ती मंदावते. म्हणून नळ सरळ हवा, त्याचे तोंड आढ्याच्या वर हवे, तोंडावर पावसाची टोपी हवी. लाकूड व गवत यांपासून तो अंतरावर हवा. काजळी काढायला खाली दार हवे.

हे शेवटचे दार फार महत्त्वाचे. १९८३ साली केंद्राने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २००२ पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. चुलीला अनुदान होते, पण काजळी काढणाऱ्याची मजुरी त्यात कोणी धरलेली नव्हती. नळ तुंबले, फुटले, आणि बायकांनी ते काढून टाकले. दोष मात्र अडाणीपणाला दिला गेला.

नवल हे, की न्हाणीघरातला तांब्याचा बंब आपली धुराची नळी पोटातच घेऊन येई. आता बंबाच्या जागी गॅसचा गीझर आला आहे. गॅसचा धूर दिसत नाही, म्हणून धुराडे नकोच, असे लोक समजतात. परंतु बंद न्हाणीघरात हवा अपुरी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत गेलेला माणूस बेशुद्ध पडतो, आणि बाहेरच्यांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो. जळलेला वायू भिंतीबाहेर मोकळ्यावर नेणारी नळी हवी आणि ताजी हवा आत येण्यास खाली झरोका हवा. त्यासाठी भिंत फोडावी लागते, गवंडी लागतो. त्याची मजुरी भाडेकरूने द्यायची की घरमालकाने, यावर अडते, आणि गीझर तसाच चालू होतो.