पडद्यावरची रात्र किती काळी असावी?

अमावास्येच्या रात्री राजगडाची वाट चढताना विजेरी विझवून क्षणभर थांबलेल्या पुणेकर गिरिप्रेमीला खरा काळोख म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रथम स्वतःचा हातही दिसत नाही. मग आकाश आणि डोंगर यांच्यातील कड उमटते, पायवाटेचा फिकट पट्टा जाणवू लागतो आणि अर्ध्या तासाने केवळ चांदण्यांच्या उजेडात चार पावले टाकण्याचा धीर येतो. हीच रात्र व्हिडिओ गेममध्ये जशीच्या तशी उतरवली, तर मात्र खेळणाऱ्यापुढे काळी काच आणि त्या काचेत त्याचाच चेहरा, एवढेच उरेल. उलट, सारे काही स्पष्ट दिसावे म्हणून ती रात्र उजळत नेली, तर ती निळ्या रंगात बुडवलेली दुपार ठरते. तिच्यात भय नसते, सावधपणा नसतो आणि हातातल्या मशालीला काही किंमतही नसते.

खरेपणा आणि खेळण्यायोग्यता यांच्यातील ही ओढाताण गेमच्या जगात गेली पंचवीसहून अधिक वर्षे चालू आहे. वरवर पाहता हा पडदा कमी-अधिक उजळ करण्याचा किरकोळ प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्यात डोळ्याचे शरीरविज्ञान आहे, चित्रकलेचे संकेत आहेत आणि अनेक खेळाडू एकाच मैदानात उतरतात तेव्हा न्याय-अन्यायाचाही प्रश्न आहे.

डोळ्याची रात्र आणि पडद्याची रात्र

प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक लक्स. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १ लाख लक्स प्रकाश पडतो. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना तो जेमतेम पाव लक्स, म्हणजे सुमारे ४ लाख पटींनी कमी असतो. चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री तो एका लक्सच्या हजाराव्या भागाच्या आसपास येतो. एवढ्या अफाट पल्ल्यात मानवी डोळा काम करू शकतो. मात्र एकाच वेळी नव्हे. उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी काम करतात, काळोखात त्यांची जागा दंडपेशी घेतात आणि या पेशी पूर्णपणे जाग्या व्हायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. राजगडाच्या वाटेवर हळूहळू दिसू लागते, ते यामुळेच.

गेम खेळणाऱ्याच्या डोळ्यांना ही सवड कधीच मिळत नाही. पडदा स्वतःच दिव्यासारखा उजळतो. कोपऱ्यातील नकाशा, गुणसंख्या, उरलेल्या गोळ्यांचा आकडा हे सारे ठळक उजेडात असते. त्यामुळे डोळा उजेडालाच सरावलेला राहतो आणि खेळातील खरी काळी जागा त्याला अधिकच काळी दिसते.

पडद्याच्या मर्यादा वेगळ्याच. साध्या एलसीडी पडद्यावर सर्वांत पांढरा भाग सर्वांत काळ्या भागाच्या साधारण हजार पट उजळ असतो, तोही खोलीत अंधार असेल तेव्हा. ट्यूबलाइट लावली किंवा गॅलरीचे दार उघडले की काचेवरून परतणारा उजेड काळ्या भागावर पसरतो आणि तेथील बारकावे नाहीसे होतात. ओएलईडी पडद्यावर काळा बिंदू पूर्णपणे विझू शकतो, पण काच तेथेही असते. शिवाय, नेहमीच्या आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक रंगाच्या केवळ २५६ पायऱ्या असतात. अंधारे दृश्य त्यांतील तळाच्या थोड्याच पायऱ्यांत कोंबावे लागते आणि आकाशाच्या सलग छटेऐवजी पट्टे दिसू लागतात.

ही अडचण केवळ गेमची नाही. एप्रिल २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेचा रात्रीच्या लढाईचा भाग प्रसारित झाला, तेव्हा काही दिसतच नाही, अशी तक्रार जगभरच्या प्रेक्षकांनी केली. छायालेखक फॅबियन वॅगनर यांनी आपल्या कामाचे समर्थन केले आणि घरोघरच्या दूरचित्रवाणी संचांच्या जुळणीकडे बोट दाखवले. चित्रणाच्या ठिकाणी दिसलेली रात्र दिवाणखान्यात पोहोचेपर्यंत तशीच राहत नाही, हे त्या निमित्ताने सर्वांना कळले. मालिकेचा प्रेक्षक मात्र न दिसताही पुढे पाहत राहू शकतो. खेळाडूला त्याच क्षणी निर्णय घ्यायचा असतो.

'प्रभात'च्या शहरातील जुना धडा

रात्र दाखवायला काळोख नव्हे, तर योजलेला प्रकाश लागतो, ही गोष्ट पुण्याला नवी नाही. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली 'प्रभात फिल्म कंपनी' १९३३ मध्ये पुण्यात आली आणि पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांचा 'अमृतमंथन' झळकला. गडद छाया आणि त्यांतून उजळून निघणारे चेहरे, ही त्या चित्रपटाची आजही सांगितली जाणारी ओळख. 'प्रभात'च्या त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. छायालेखनाच्या शिक्षणात जो विचार मूलभूत मानला जातो, तोच आज गेमच्या प्रकाशयोजनेतही उपयोगी पडतो. प्रेक्षकाला काळोखाची 'जाणीव' झाली पाहिजे. काळोखाने त्याची दृष्टी हिरावून घेता कामा नये.

त्यासाठी चित्रपटाने अनेक संकेत रूढ केले. चंद्राचा उजेड पात्राच्या मागून यावा, म्हणजे चेहरा अंधारात राहूनही देहाची कड उजळते. पार्श्वभूमीला धुके असावे, म्हणजे त्यावर काळी आकृती उठून दिसते. दिवसाच चित्रण करून, प्रकाश कमी करून आणि निळसर छटा देऊन रात्रीचा आभास निर्माण करण्याची पद्धतही कित्येक दशके वापरली गेली.

या निळेपणामागे शास्त्रीय आधार आहे. मंद उजेडात डोळा तांबड्या रंगाला जवळजवळ पारखा होतो, तर निळ्या-हिरव्या छटा त्याला तुलनेने उजळ भासतात. एकोणिसाव्या शतकातील चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. सायंकाळी गच्चीवरील जास्वंदीकडे पाहावे. दिवसा झळकणारे लाल फूल काळवंडते आणि पाने मात्र दिसत राहतात. गेममधील चित्रकार हेच करतात. तांबडा रंग मावळवतात, इतर रंगही फिके करतात, निळी छटा चढवतात, पण एकूण उजेड फारसा कमी करत नाहीत. मेंदू त्या चित्राला रात्र मानतो आणि डोळ्यांना वाट दिसत राहते.

विजेरी की बंदूक?

काळोख नुसता ओतला की काय होते, याचे गाजलेले उदाहरण म्हणजे इड सॉफ्टवेअरचा २००४ मधील 'डूम ३'. सावल्यांचे तत्काळ गणित करणारे त्याचे तंत्र त्या काळी अपूर्व होते. मात्र त्यात विजेरी आणि बंदूक एकाच वेळी हाती धरता येत नसे. पाहायचे की लढायचे, असा पेच निर्मात्यांनी हेतुपुरस्सर टाकला होता. काहींना त्यातील भीती भावली. अनेकांना ती अडवणूक वाटली. मंगळावरच्या सैनिकाला बंदुकीवर विजेरी बांधता येऊ नये, हे पटणार कसे? अल्पावधीतच चिकटपट्टीने विजेरी बंदुकीला जोडणारा बदल हौशी खेळाडूंनीच तयार केला. पुढे २०१२ च्या सुधारित आवृत्तीत विजेरी चिलखतावरच बसवण्यात आली.

या प्रकरणाचा बोध असा, की काळोख सहन करायला खेळाडू तयार असतो. त्याचे कारण मात्र त्याला पटावे लागते.

काळोखाचे नियम

लुकिंग ग्लास स्टुडिओजच्या 'थीफ' या १९९८ मधील खेळाने तेच कारण पुरवले. येथे खेळाडू चोर असल्याने काळोख हा त्याचा मित्र. पण आपण किती अंधारात आहोत, हे नुसत्या पडद्याकडे पाहून नेमके कळणार नाही, हे ओळखून रचनाकारांनी पडद्याच्या तळाशी एक रत्न बसवले. खेळाडू उजेडात आला की ते उजळते, सावलीत गेला की मावळते. पाणी भरलेला बाण मारून मशाली विझवता येतात. पडदा कसाही जुळवलेला असो, पहारेकऱ्याला आपण दिसतो की नाही, याचे उत्तर त्या रत्नात मिळते. दृष्टीवर पडणारा भार नियमाने उचलला.

'माइनक्राफ्ट'मध्ये हीच युक्ती वेगळ्या रूपात दिसते. त्यातील पूर्ण दिवस-रात्र २० मिनिटांची असते आणि बिछान्यावर झोपून रात्र टाळताही येते. उजेड ० ते १५ अशा अंकांत मोजला जातो. मशालीचा उजेड १४ असतो आणि प्रत्येक ठोकळ्यागणिक तो एकाने घटतो. राक्षस कमी उजेडातच जन्म घेतात. २०२१ च्या बदलानंतर त्यांतील बहुतेकांना त्यासाठी शून्य उजेड लागतो. त्यामुळे शाळकरी मूलही किती अंतरावर मशाल लावायची, याचा हिशेब मांडू शकते. रात्र भीतीदायक राहते, पण अन्यायकारक वाटत नाही.

कॅपकॉमच्या २०१२ मधील 'ड्रॅगन्स डॉग्मा'ने धीट मार्ग निवडला. त्यातील रात्र खरोखर काळी आहे, कंदिलाचे तेल संपते आणि दूरचे संकट दिसत नाही. परंतु सूर्य मावळताना खेळाडूला पुरेशी सूचना मिळते आणि मुक्काम गाठायचा की पुढे जायचे, ही निवड त्याचीच असते. काळोख जितका गडद, तितकी पूर्वसूचना, साधने आणि ध्वनी यांची जबाबदारी वाढते, असे सूत्र यातून मांडता येईल. पाऊल कोणत्या दिशेला वाजले, हे नीट ऐकू येत असेल, तर डोळ्यांचे अर्धे काम कानांवर सोपवता येते.

सर्वांना सारखी रात्र

एकट्याने खेळताना हा प्रश्न रसिकतेचा असतो. समोर दुसरा माणूस आला की तो समतेचा होतो. २०१२ मध्ये लोकप्रिय झालेल्या 'डेझी' या खेळातील रात्री गडद होत्या आणि दिवा पेटवणारा दुरून हेरला जाई. दिवा हवा की आडोसा, हा पेच उत्तम होता. पण अनेकांनी पळवाट शोधली. पडद्याचा 'गॅमा', म्हणजे मधल्या व गडद छटांचा उजळपणा, वाढवला की काळोख राखाडी होई आणि दिवा न लावताच सारे दिसे. प्रामाणिकपणे खेळणाराच आंधळा ठरू लागला. पुढे स्वतंत्रपणे आलेल्या 'डेझी'त सर्व्हर चालवणाऱ्याला अधिक गडद वा अधिक उजळ रात्र निवडण्याची आणि रात्रीचा वेग वाढवण्याची सोय देण्यात आली. सर्वांच्या पसंतीची एकच रात्र असू शकत नाही, याची ती कबुलीच म्हणायची.

भारतात हा मुद्दा अधिक टोकदार होतो, कारण येथील बहुसंख्य खेळाडू मोबाइलवर खेळतात. कोणी बंद खोलीत महागड्या ओएलईडी पडद्यावर, तर कोणी पीएमपीच्या बसमध्ये खिडकीशी बसून, ओरखडे पडलेल्या स्वस्त फोनवर. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने २०२४ मध्ये आणलेल्या 'इंडस'सारख्या अनेक खेळाडूंच्या लढतींत हे सारे एकाच मैदानात असतात. तेथे खरीखुरी अमावास्या आणली, तर विजय कौशल्याचा होणार नाही. पडद्याच्या किमतीचा होईल. अशा लढतींसाठी उजळ दिवसच बहुधा का पसंत केला जातो, याचे उत्तर येथे आहे.

पुण्यातली 'राजी'

एकट्याने खेळायच्या खेळाला हे बंधन नसते. पुण्यातीलच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये अन्य यंत्रांवर आला. असुरांनी पळवलेल्या भावाचा शोध घेणाऱ्या मुलीची ही कथा. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम स्वतंत्र खेळासाठी तिला नामांकन मिळाले. त्यातील कॅमेरा खेळाडूच्या हाती नसतो. दृश्य कोठून दिसावे, हे रचनाकार ठरवतात. अशा रचनेत प्रत्येक चौकट रंगमंचासारखी उजळता येते. दिवा कोठे असावा, कमान कोठे काळी पडावी आणि वाट कोठे चमकावी, हे आधीच ठरवणे शक्य होते. सर्व बाजूंनी फिरणाऱ्या कॅमेऱ्याला ही चैन परवडत नाही.

कथेचे दुवे जोडण्यासाठी 'राजी'त छायाबाहुल्यांच्या शैलीचा वापर आहे, हेही येथे अर्थपूर्ण ठरते. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी जपलेल्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तत्त्व परिचित आहे. तेथे काळोख काही लपवत नाही. उजळलेल्या पडद्यावर तोच आकार घेतो आणि तोच कथा सांगतो.

शेवटचा निर्णय कोणाचा?

अनेक खेळ सुरू होतानाच एक चिन्ह दाखवतात आणि ते जेमतेम दिसेल इतका उजळपणा ठेवण्यास सांगतात. घाईने ती पायरी ओलांडणाऱ्यांची संख्या मोठी असते. ज्या खोलीत आणि ज्या उजेडात खेळायचे आहे, तेथेच ही जुळणी करावी आणि दुपारची जुळणी रात्री पुन्हा तपासावी. निर्मात्यांनीही ही सोय खेळाच्या मध्यावर सहज सापडेल अशी ठेवणे अगत्याचे आहे. वय वाढते तसा डोळ्यात शिरणारा प्रकाश घटतो. विशीतल्या नातवाला दिसणारी पायरी साठीतल्या आजोबांना दिसेलच असे नाही. वाट उजळ कडेने दाखवणे किंवा शत्रूभोवती रेषा आखणे, अशा सोयी म्हणजे लबाडी नव्हे. त्यामुळे मंद दृष्टीच्या माणसालाही त्या रात्रीत प्रवेश मिळतो.

शहरातील दिव्यांमुळे पुण्याच्या मुलांना चांदण्यांनी भरलेले आकाश आता क्वचितच दिसते. त्यांतील अनेकांची गडद रात्रीशी पहिली ओळख कदाचित पडद्यावरच होत असेल. ती रात्र खगोलशास्त्राच्या कसोटीवर खरी नसली तरी चालेल. दिव्याचे मोल, सावलीचा आधार आणि पहाटेची ओढ या तीन गोष्टी तिने शिकवल्या, तर ती पुरेशी खरी आहे.