सोसणे आणि धीर धरणे : पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती जीवनातील एक भेद

ख्रिस्ती नीतिविचारातील धीराची संकल्पना मराठीत आली, ती रिकाम्या जागी नव्हे. सोसणे, निभावणे, वाट पाहणे यांची शब्दसंपदा मराठीत पूर्वापार होती आणि ते सोसणे मुख्यतः स्त्रियांच्या, त्यातही विधवांच्या वाट्याला आले होते. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये या अर्थक्षेत्रात दोन शब्द ठळकपणे येतात. ‘माक्रोथुमिया’ म्हणजे राग लांबवून माणसांना सहन करण्याची वृत्ती. ‘हुपोमोने’ म्हणजे ओझ्याखालीही आपली जागा न सोडणे. रूढ मराठी भाषांतरांत त्यांना प्रायः ‘सहनशीलता’ आणि ‘धीर’ हे प्रतिशब्द लाभले. प्रतिशब्द लाभले तरी लादलेले सोसणे आणि स्वीकारलेला धीर यांतील भेद त्यामुळे आपोआप स्पष्ट झाला नाही. तो पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) जीवनक्रमात अधिक स्पष्ट दिसतो.

१८८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या इंग्रजी ग्रंथात रमाबाईंनी उच्चवर्णीय विधवेवर लादलेल्या सोसण्याचीच चिकित्सा केली. तत्पूर्वी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. मात्र नव्या धर्मातही निमूटपणे ऐकून घेणे हा त्यांना सद्गुण वाटला नाही. सिस्टर जेराल्डीन आणि इतरांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाला. त्यात गुरुस्थानी असलेल्यांच्या अधिकाराला आणि चर्चच्या सिद्धांतांना त्या सतत प्रश्न विचारताना दिसतात. जेराल्डीनबाईंना यात अहंकार दिसला. मला वाटते, रमाबाईंच्या धीराचा आरंभ येथेच आहे : न पटलेले मान्य करायचे नाही, पण शोधही सोडायचा नाही. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना खऱ्या अर्थाने ख्रिस्त गवसला. धर्मांतर आणि श्रद्धा यांमधील हा काळ चरित्रकार घाईने ओलांडतात, ते योग्य नव्हे.

१८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यात आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि पालकांनी अनेक मुली परत नेल्या. सदन मात्र चालू राहिले; पुढे केडगावी मुक्ती सदन उभे राहिले.

केडगावातच बायबलच्या भाषांतराचे दीर्घ काम झाले. संस्कृतात पारंगत असलेल्या रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला. संस्कृतप्रचुर भाषा सामान्य स्त्रीला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. ज्या विद्येने त्यांना ‘पंडिता’ ही पदवी मिळवून दिली, तिच्याच शब्दकळेला आवर घालणे हा या कामातील सर्वांत कठीण संयम असावा. छपाईचे कामही आश्रमातील स्त्रियाच करीत. १९२१ मध्ये कन्या मनोरमा निवर्तली. तरीही काम थांबले नाही. मुद्रिते पुरी होईपर्यंत त्यांनी आयुष्य मागून घेतले, असे भक्तिपर चरित्रांत आवर्जून सांगितले जाते. त्या अखेरच्या दिवसांपेक्षा शब्दामागून शब्द तोलण्यात गेलेली आधीची वर्षे अभ्यासकाला अधिक बोलकी वाटतात.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी चर्चच्या व्यवहारात बायबल सोसायटीच्या भाषांतराची जागा मात्र त्याने घेतली नाही.