इलेक्ट्रिक कार की पेट्रोल कार? ८-१० वर्षांचा खरा हिशोब असा करा

"ईव्ही घेतली की पेट्रोलचा खर्च शून्य!" असं सांगणारे रील्स तुम्ही पाहिले असतील. "बॅटरी गेली की लाखोंचा भुर्दंड!" असं सांगणारेही पाहिले असतील. दोन्हींत थोडं खरं आहे, पण तुमच्यासाठी कोणती गाडी स्वस्त पडेल हे त्यातून कळत नाही. ते दोन प्रश्नांवर ठरतं: तुम्ही महिन्याला किती किलोमीटर फिरता? आणि गाडी चार्ज कुठे करणार?

या लेखात आपण महाराष्ट्रातलं उदाहरण घेऊन पूर्ण हिशोब मांडू. गाडीची किंमत, मायलेज आणि इंधन-विजेचे दर उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे टाकून हाच हिशोब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत होतो.

आधी एक बेसिक गोष्ट: ईव्ही कमी खर्चात का पळते?

१ लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. पण इंजिन त्यातली बरीचशी उष्णता म्हणून वाया घालवतं, जेमतेम पाव ते एक तृतीयांश ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. म्हणून एका लिटरमध्ये गाडी १५ किमीच्या आसपास जाते. इलेक्ट्रिक मोटर मात्र मिळालेल्या विजेपैकी बहुतांश वीज चाकांना देते. शिवाय ब्रेक लावताना थोडी ऊर्जा परत बॅटरीत जाते. त्यामुळे तेवढ्याच ९ युनिटमध्ये ईव्ही ५० किमीच्या पुढे जाते.

सिग्नल आणि ट्रॅफिकमध्ये पेट्रोल गाडीचं मायलेज पडतं, ईव्हीला तिथे तेवढा फटका बसत नाही. हायवेवर १०० च्या स्पीडने सलग गेलात, तर ईव्हीचीही रेंज घटते.

प्रति किलोमीटर खर्च

पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि मायलेज १५ किमी धरू. ईव्ही १ युनिटमध्ये ६ किमी जाते असं धरू. चार्जिंग करताना काही वीज वाया जाते, म्हणून डॅशबोर्डवर दिसणारा आकडा न घेता मीटरवर पडणारं युनिट मोजायचं.

- पेट्रोल: सुमारे ६.९० रुपये
- ईव्ही, घरच्या मीटरवर, १४ रुपये युनिट: सुमारे २.३० रुपये
- ईव्ही, वेगळ्या ईव्ही मीटरवर, ९ रुपये युनिट: १.५० रुपये
- ईव्ही, बाहेरच्या फास्ट चार्जरवर, २४ रुपये युनिट: ४ रुपये

आता सीएनजी बघा. ९० रुपये किलो आणि २२ किमी मायलेज धरलं तर सीएनजीचा खर्च येतो साधारण ४.१० रुपये. म्हणजे घरी चार्जिंगची सोय नसेल आणि कायम फास्ट चार्जरवरच अवलंबून राहायचं असेल, तर ईव्ही चालवण्याचा खर्च जवळपास सीएनजीइतकाच येतो. शोरूममध्ये ही तुलना सहसा कुणी दाखवत नाही.

घरच्या विजेला १४ रुपये कसे?

वीजबिल टप्प्यांमध्ये असतं. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. प्रत्येक टप्प्यात दर वाढतो.

समजा घरात महिन्याला २५० युनिट लागतात. १,००० किमी फिरायला आणखी १६७ युनिट लागतील. यातली पहिली ५० युनिट दुसऱ्या टप्प्यात बसतात, पण उरलेली ११७ थेट तिसऱ्या टप्प्यात जातात. त्यामुळे बिलाचा सरासरी दर काढून ईव्हीचा खर्च मोजू नका. गाडीची वीज नेहमी तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातली असते.

यावर तीन उपाय आहेत:

- ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी दरश्रेणी आहे. त्यासाठी वेगळं मीटर मिळतं का आणि स्थिर आकार किती, हे तुमच्या वीज कार्यालयात विचारा.
- टीओडी मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत दरात सवलत आहे. म्हणजे "रात्री चार्ज करा, स्वस्त पडेल" हा सल्ला इथे उलटा आहे. गाडी दिवसा घरी असेल तर फायदा घ्या.
- स्वतःचं छत असेल तर सोलर. 'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या सिस्टिमला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.

गाडी घेतानाचा फरक

ईव्हीवर जीएसटी ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवर तो १८ टक्के आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के झाला. आधी छोट्या गाड्यांवरही २८ टक्के आणि वर सेस होता. म्हणजे छोटी पेट्रोल कार स्वस्त झाली आणि ईव्हीशी असलेलं किमतीचं अंतर वाढलं. २०२५ च्या आधीचे तुलनेचे व्हिडिओ बघत असाल तर हे लक्षात ठेवा.

दुसरीकडे, महाराष्ट्रात ईव्हीला रोड टॅक्स माफ आहे. १० ते २० लाखांच्या पेट्रोल कारला तो १२ टक्के लागतो.

उदाहरण: पेट्रोल कार ११ लाख, त्यावर टॅक्स १.३२ लाख, एकूण १२.३२ लाख. तशीच ईव्ही १४.५० लाख. फरक २.१८ लाख. घरचं वायरिंग आणि मीटरसाठी २० हजार धरा, झाले साधारण २.४० लाख. ही जादा रक्कम कर्जातून आली, तर ९ टक्के दराने ५ वर्षांत आणखी सुमारे ६० हजार व्याज जातं. म्हणजे ईव्हीला ३ लाख रुपये भरून काढायचे आहेत.

"ईव्हीच्या कर्जावर इन्कम टॅक्समध्ये दीड लाखाची सूट मिळते" असं अजूनही बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं. ती ८०ईईबी कलमाची सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. नव्या कर्जाला ती धरू नका.

३ लाख किती वर्षांत वसूल होतील?

महिन्याला ५०० किमी:
- घरचं मीटर: सुमारे ११ वर्षे
- ईव्ही मीटर: सव्वानऊ वर्षे
- फक्त फास्ट चार्जर: १७ वर्षे

महिन्याला १,००० किमी:
- घरचं मीटर: साधारण साडेपाच वर्षे
- ईव्ही मीटर: साडेचार वर्षे
- फक्त फास्ट चार्जर: साडेआठ वर्षे

महिन्याला २,००० किमी:
- घरचं मीटर: पावणेतीन वर्षे
- ईव्ही मीटर: सव्वादोन वर्षे
- फक्त फास्ट चार्जर: सव्वाचार वर्षे

गाडी तीच, पण वसुलीचा काळ सव्वादोन वर्षांपासून १७ वर्षांपर्यंत बदलतो. फक्त शनिवार-रविवारी बाहेर पडणारी गाडी असेल तर ईव्हीने पैसे वाचतील ही अपेक्षा ठेवू नका. रोज ६०-७० किमी ऑफिसला जाणं-येणं असेल आणि पार्किंगमध्ये पॉइंट असेल, तर पेट्रोल गाडी महाग पडते.

सर्व्हिस, विमा आणि टोल

ईव्हीला इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच यांचा खर्च नाही. ब्रेक पॅडही जास्त टिकतात. पण गाडी जड असल्याने टायर लवकर झिजू शकतात. विम्यात थर्ड पार्टी प्रीमियमला ईव्हीसाठी १५ टक्के सवलत आहे, तरी गाडीची किंमत जास्त असल्याने पूर्ण विमा महाग पडतो. म्हणून वरच्या हिशोबात सर्व्हिसमधली बचत आणि विम्याचा जादा खर्च एकमेकांत वळते केले आहेत.

टोल मात्र मोठा मुद्दा ठरू शकतो. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणानुसार मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. एक्स्प्रेसवेचा कारचा टोल एका बाजूने ३२० रुपये आहे. महिन्याला चार वेळा जाऊन-येऊन केलं तर वर्षाला ३० हजारांच्या वर वाचतात. फक्त फास्टॅगमधून पैसे कापले जात नाहीत ना, हे तपासत राहा.

बॅटरी फोनसारखी दोन वर्षांत उतरते का?

नाही, आणि कारण साधं आहे. फोन आपण जवळपास रोज चार्ज करतो. एका चार्जमध्ये २५० किमी जाणारी कार वर्षाला १२,००० किमी फिरली तर तिचे वर्षात ४८ फुल चार्ज होतात. ८ वर्षांत सुमारे ३८४. फोन तेवढे चार्ज वर्ष-सव्वा वर्षातच घेतो.

बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी वॉरंटी देतात. क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल, हे वॉरंटीच्या कागदात वाचा. वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का तेही बघा, कारण रीसेल किंमत त्यावर ठरते.

रीसेल हीच ईव्हीची कच्ची बाजू आहे. जुन्या ईव्हीला पेट्रोल गाडीपेक्षा दीड लाख कमी मिळाले असं धरलं, तर महिना १,००० किमी आणि घरच्या मीटरवर वसुली साडेपाचऐवजी ८ वर्षांच्या पुढे जाते. दर ४-५ वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल तर हा मुद्दा सोडू नका.

बॅटरी भाड्याने घेतली तर?

सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर ९.९९ लाख अधिक बॅटरीचं भाडं ३.५० रुपये प्रति किमी अशा योजनेत आली. सुरुवातीची किंमत कमी दिसते, पण घरच्या चार्जिंगचे २.३० त्यात मिळवले की होतात ५.८० रुपये. पेट्रोलपेक्षा बचत उरते जेमतेम १ रुपया. जास्त फिरणाऱ्याला ही योजना महाग पडते.

बुकिंग करण्याआधी

1. मागच्या तीन महिन्यांचे खरे किलोमीटर काढा, अंदाज नको.
2. वीजबिलावर तुमचा शेवटचा टप्पा कोणता ते बघा.
3. सोसायटीत राहत असाल तर पार्किंगमध्ये पॉइंट बसवण्याची परवानगी लेखी घ्या. तोंडी "हो, बघू" वर गाडी बुक करू नका.
4. दोन्ही गाड्यांचं ऑन-रोड कोटेशन घ्या, फरक काढा आणि वर्षाच्या बचतीने भागा. उत्तर तुम्ही गाडी ठेवणार त्या वर्षांपेक्षा कमी आलं तर ईव्ही घ्या. जास्त आलं तर पेट्रोल किंवा सीएनजी घेण्यात काहीच कमीपणा नाही.