अकरा महिन्यांचा पत्ता

२००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया मोजल्या गेल्या. मुंबई शहर जिल्ह्यात हाच आकडा आठशेच्याही खाली होता. या तफावतीचे मुख्य कारण स्थलांतर. कोकणातला कमावता पुरुष मुंबईत मोजला गेला, त्याची बायको आणि आई गावी मोजल्या गेल्या. कोकणात या माणसाला चाकरमानी म्हणतात. गणपतीला आणि शिमग्याला तो घरी येतो, बाकीचे वर्ष त्याचे घर त्याच्यावाचून चालते. तेव्हा मुंबईला जाणे म्हणजे घर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवणे, ही व्याख्या निदान या शहरापुरती चुकीची ठरते. घर दोन ठिकाणी विभागले जाते आणि ही विभागणी एक-दोन पिढ्या टिकते.

अशा माणसाला पहिल्या काही महिन्यांत काय लागते? पाठ टेकायला जागा, दोन वेळचे ताट, काम मिळेपर्यंत उधारीचा आधार, आणि 'हा इथे राहतो' असे दाखवणारा पत्ता. पहिल्या तीन गोष्टी नवख्या माणसाला पूर्वी ओळखीवर मिळत. आज त्या विकत मिळतात, आणि चौथी विकत घेऊनही पुरती हाती येत नाही. मुंबईला पोचणे आज पूर्वीपेक्षा कितीतरी सोपे आहे. तिथे बस्तान बसवणे मात्र अवघड झाले आहे, आणि मला सांगायचे आहे ते यामागच्या कारणांविषयी.

गिरणगावापासून सुरुवात करू. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणी काढली, आणि पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा पट्टा कोकण-घाटावरच्या माणसांनी भरला. पण गिरणीतले काम रोजचे नसे. 'बदली' कामगार सकाळी फाटकावर उभा राही. कोणी कायम कामगार गैरहजर असला तर आत जाई, नाहीतर परत फिरे. कामावर कोणाला घ्यायचे ते बराच काळ जॉबरच्या हाती होते, आणि जॉबर आपल्या मुलखातली माणसे आणी. महिन्यातले दहा-बारा दिवसच काम मिळणारा माणूस भाड्याची खोली घेऊच शकत नव्हता. त्याच्यासाठी गावाने एक तोड काढली होती. कोणी तिला गाळा म्हणे, कोणी गावकीची खोली.

अशी एक खोली मी लालबागमध्ये पाहिली आहे. दहा बाय बाराची. तिन्ही भिंतींना छातीच्या वर फळ्या ठोकलेल्या, फळ्यांवर पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येक ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव आणि वाडी. ट्रंकेखाली एक खुंटी. खोलीत माणसाच्या मालकीचे तेवढेच: एक ट्रंक, एक खुंटी, एक वळकटी. समोर ग्रामदेवतेची तसबीर, तिच्याखाली मोरी. खोली गावाच्या मंडळाच्या नावावर, हिशेबाची वही कारभाऱ्याकडे. गिरण्या तीन पाळ्यांत चालत होत्या तेव्हा अशा खोल्यांत तीस-चाळीस माणसे राहत. रात्रपाळीवाला परतला की दिवसपाळीवाल्याची जागा त्याची होई. उरलेले गॅलरीत, जिन्यात, नाहीतर फुटपाथवर पथारी टाकत. वर्गणी डोईमागे, आणि ज्याला काम नाही त्याची तुंबलेली वर्गणी वहीत मांडून ठेवायची.

त्या वहीला मी या सगळ्या व्यवस्थेचा कणा मानतो. बेकारीचा भत्ता, आजारपणाचा विमा आणि घरभाड्याची सवलत या तिन्ही गोष्टी त्या एका वहीत होत्या. फेडणारा पळून जाणार नाही याची हमी होती ती गावची: त्याचे घर, शेत, भाऊबंद कारभाऱ्याला ठाऊक. खाणावळही याच विश्वासावर चाले. गिरणी कामगारांच्या वस्तीत एकेक बाई दहा-वीस गड्यांना जेवू घाली आणि पगार झाला की पैसे घेई. या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. गिरणगावचा संसार कोणाच्या चुलीवर उभा होता, हे त्या कामामुळे पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरले.

मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्यातला अन्याय झाकू नये. गावची खोली म्हणजे बहुधा गावातल्या एका जातीची खोली. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांना ती इथेही उघडत नसे. गिरणीतही तेच: धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून दलित कामगारांना चांगल्या पगाराच्या विणखात्यात घेत नसत. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आणि स्त्रीला या खोलीत जागाच नव्हती. तिच्या वाट्याला गावची शेती, म्हातारी माणसे आणि मनिऑर्डरची वाट पाहणे आले. ओळखीवर चालणारी कोणतीही व्यवस्था ओळख नसलेल्यावर अन्याय करतेच.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातल्या पुष्कळांना पुन्हा आत जाता आलेच नाही, आणि गावकीच्या खोल्यांचा पैशाचा झरा आटला. पण खोल्यांच्या टंचाईचे मूळ संपापेक्षा जुने आहे, ते घरभाड्याच्या कायद्यात आहे. मुंबई राज्याच्या १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४०च्या भाड्याला बांधून टाकले. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते तेव्हा गरजेचेही होते. मालकाला मात्र भाड्याने द्यायची चाळ बांधण्यात काही राम उरला नाही. जुन्या खोल्या पागडीवर, म्हणजे एकरकमी मोठी रक्कम घेऊन, फिरू लागल्या. मालकांनी भाडेकरू म्हणण्याचे टाळून 'परवाना' देण्याची युक्ती काढली, तर १९७३च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारीला जागेत असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचा दर्जा दिला. तेव्हापासून मालकाच्या मनात जी धास्ती बसली ती आजही गेलेली नाही: माणूस जागेत मुरला की निघत नाही.

आजचा अकरा महिन्यांचा करार या धास्तीचे अपत्य आहे. भारी अनामत, दलालाची दलाली, आणि वर्ष भरायच्या आत खोली बदलायची तयारी. गावकीच्या खोलीत आधी राहायला मिळे आणि पैसे मागून द्यायचे असत. आता पैसे आधी, राहणे मागून. काम मिळण्यापूर्वीच ज्याच्याकडे काही महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम साठलेली आहे, त्यालाच शहर दार उघडते. ज्याच्याकडे ती नाही तो कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती खाट भाड्याने घेऊन, राहतो, नाहीतर झोपडपट्टीत पोटभाडेकरू होतो, आणि तिथे त्याच्या नावाचा कागद कुठेच नसतो.

कागद नसणे म्हणजे काय ते मी स्वतः भोगले आहे. माझ्या पहिल्या खोलीच्या मालकाने करार स्टॅम्पपेपरवर लिहिला, पण नोंदवला नाही. 'कशाला उगीच खर्च' म्हणाले. मला ते पटले, कारण तेव्हा कळत नव्हते. बँकेत खाते उघडायला गेलो तर तो कागद चालेना. शेवटी गावचा पत्ता दिला. एटीएम कार्ड गावी गेले. आईने ते धाकट्याच्या वहीच्या पानात गुंडाळले आणि वाडीतल्या एका माणसाबरोबर रात्रीच्या एसटीने पाठवले. पगार मुंबईत, राहणे मुंबईत, आणि कागदावर मी संगमेश्वर तालुक्यातच. गॅसची जोडणी, मतदारयादीतले नाव, पुढे मुलांच्या शाळेचा प्रवेश, सगळे पत्त्याच्या त्या एका ओळीवर अडते. दर अकरा महिन्यांनी ती ओळ बदलते आणि माणूस पुन्हा नवखा होतो.

यावर बहुतेकांनी एकच उपाय शोधला: स्वतःचे घर, जिथे परवडेल तिथे. म्हणून २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली, आणि तेव्हा अखंड असलेला ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर जाऊन देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. पत्ता मिळाला, पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागली. कल्याण-अंबरनाथकडचा माणूस कामावर जायला-यायला रोज तीन तास देतो; बसायला मिळावे म्हणून उलट्या दिशेने दोन स्टेशने मागे जाऊन 'रिटर्न' मारतो. ते तीन तास पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाहीत, मुलांना मात्र ते कळतात.

गावकीची खोली परत आणता येणार नाही, आणि तिच्यातली जात पाहता आणूही नये. पण नोंदलेला करार प्रत्येकाच्या हक्काचा आहे, आणि हे नव्याने येणाऱ्या फार थोड्यांना माहीत असते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ही समजूत १९०८च्या नोंदणी कायद्यातून आली आहे. तिथे वर्षापेक्षा मोठ्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, मात्र मुदत पाहत नाही. करार लेखी हवा आणि नोंदलेलाच हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर पडतो. मालकाचेही यात भले आहे: मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याचा वेगळा, जलद मार्ग याच कायद्याच्या कलम २४ने त्याला दिला आहे.

तुमच्या गावचा कोणी पोरगा यंदा मुंबईला निघाला असेल, तर त्याला चटणी-पिठाच्या डब्याबरोबर एवढे सांगून पाठवा: अनामत हातात देण्याआधी नोंदणीची तारीख ठरवून घे, आणि नोंदलेल्या कराराची एक प्रत आपल्या ट्रंकेत ठेव.