रहाणे, अजिंक्य मधुकर

(६ जून १९८८). भारतीय क्रिकेटपटू, उजव्या हाताचा फलंदाज, मुंबई रणजी संघाचा माजी कर्णधार आणि सहा कसोटींत भारताचा कर्णधार. जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, बालपण आणि शाळा डोंबिवलीत. ८५ कसोटींत ५,०७७ धावा आणि १२ शतके. त्यांपैकी आठ शतके परदेशातली: वेलिंग्टन, लॉर्ड्स, किंग्स्टन, नॉर्थ साउंड आणि मेलबर्न व कोलंबोत प्रत्येकी दोन. भारतात केलेली चार म्हणजे दिल्लीच्या एकाच कसोटीतली दोन, इंदूरचे आणि रांचीचे. ज्या मैदानाला तो आपले म्हणू शकला असता त्या वानखेडेवर शतक तर नाहीच, पण त्याच्या वाट्याला तिथे एकही कसोटी आली नाही.

हे अतर्क्य वाटावे असे आहे, पण घडले खरे. २०११, २०१२ आणि २०१३ मध्ये वानखेडेवर कसोट्या झाल्या तेव्हा तो राखीव खेळाडू होता. यातली शेवटची सचिन तेंडुलकरच्या निरोपाची. २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीच्या तोंडावर बोट दुखावले. २०२१ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध कानपूरला कर्णधार म्हणून खेळला आणि लगेच पुढच्या वानखेडेच्या कसोटीला मांडीच्या दुखापतीने बाहेर बसला. मुंबईच्या एवढ्या मोठ्या फलंदाजाची कसोटी कारकीर्द मुंबईला न शिवता पार पडली.

डोंबिवलीकराला मात्र घराजवळ काम नसण्याची सवय असते. रहाणेचे लहानपण त्याच सवयीचे आहे. क्रिकेटच्या शिबिराला जायचे तर रिक्षाचे पैसे परवडत नसत. आई एका कडेवर धाकट्या मुलाला आणि दुसऱ्या हातात अजिंक्यची किटबॅग घेऊन काही किलोमीटर चालत त्याला पोचवीत असे. पुढे सरावासाठी डोंबिवलीहून थेट सीएसटी गाठायची वेळ आली. त्याने स्वतः मुलाखतींत सांगितलेली आठवण अशी: पहिल्या दिवशी वडील सोबत गेले, दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता तू एकटा जा. मुलगा एकटा डब्यात चढला. वडील मागच्या डब्यात होते, पोर नीट उतरते की नाही ते पाहत. ही खात्री पटल्यावरच त्याचा एकट्याचा प्रवास सुरू झाला.

डोंबिवली ते सीएसटी हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर. सकाळच्या फास्टला किटबॅग घेऊन चढणे म्हणजे काय, हे मध्य रेल्वेवर प्रवास केलेल्यालाच कळेल. बॅग मांडणीवर टाकायची तर हात पोचत नाही, पायाशी ठेवावी तर उभ्या माणसांची बोलणी खावी लागतात, आणि ठाण्याला गर्दीचा लोंढा आत घुसला की बॅट दोन्ही हातांनी छातीशी धरावी लागते. तिघांच्या बाकावर चौथा सरकून बसतो, अर्धा अधांतरी, त्याला लोकलच्या भाषेत ‘चौथी सीट’ म्हणतात. रहाणे भारतीय संघात बरीच वर्षे चौथ्या सीटवरच बसला.

शाळा डोंबिवलीची स. वा. जोशी. लहानपणी कराटेही शिकला, ब्लॅक बेल्टपर्यंत गेला. सतराव्या वर्षाच्या सुमारास तो प्रवीण अमरे यांच्याकडे आला आणि फलंदाजीला खरी घडण मिळाली. मुंबईच्या क्रिकेटमध्ये ज्याला ‘खडूस’ म्हणतात तो गुण, म्हणजे विकेट फुकट द्यायची नाही हा हट्ट, त्याच्यात होता. चेहऱ्यावर मात्र तो कधी दिसला नाही.

प्रथम श्रेणीतला पहिला सामनाही परदेशातच झाला. सप्टेंबर २००७ मध्ये मोहम्मद निसार करंडकासाठी मुंबईचा संघ कराचीला गेला. कराची अर्बनविरुद्ध १९ वर्षांच्या रहाणेने पदार्पणात १४३ धावा केल्या आणि साहिल कुकरेजाबरोबर २४७ धावांची सलामी दिली. २००८-०९च्या रणजी हंगामात १,०८९ धावा काढून मुंबईच्या विजेतेपदात मोठा वाटा उचलला. ऑगस्ट २०११ मध्ये मँचेस्टरला टी-ट्वेंटी पदार्पणात ६१ धावा झाल्या. कसोटीचे दार मात्र उघडेना. नोव्हेंबर २०११ पासून तो संघाबरोबर होता, ऑस्ट्रेलियाचा अख्खा दौरा पाणी आणि हातमोजे पोचवत काढला. मार्च २०१३ मध्ये दिल्लीत संधी मिळाली, तेव्हा धावा झाल्या ७ आणि १.

२०१३च्या अखेरीपासूनचे वर्ष त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत सुंदर आहे. डिसेंबर २०१३ मध्ये दर्बानला नाबाद ५१ आणि ९६. फेब्रुवारीत वेलिंग्टनला पहिले शतक, ११८. जुलै २०१४ मध्ये लॉर्ड्सच्या हिरव्यागार खेळपट्टीवर भारताचे सात गडी १४५ धावांत गेले असताना त्याने भुवनेश्वर कुमारला सोबत घेऊन डाव सावरला आणि १०३ धावा केल्या. भारताने १९८६ नंतर प्रथमच लॉर्ड्सवर कसोटी जिंकली. त्याच डिसेंबरात मेलबर्नला मिचेल जॉन्सनच्या वेगाला प्रतिहल्ला चढवत १४७ धावा काढल्या, विराट कोहलीबरोबरची भागी २६२ धावांची. सरळ बॅटने मारलेला ड्राइव्ह आणि मागच्या पायावरचा पंच हे त्याचे फटके तेव्हा पाहिले त्यांना आजही आठवतात.

त्याने शतक केले त्या एकाही कसोटीत भारत हरला नाही. कर्णधार म्हणूनही सहा कसोटींत चार विजय, दोन अनिर्णित आणि पराभव शून्य.

क्षेत्ररक्षक म्हणून एक विश्वविक्रम २०२५ पर्यंत त्याच्या नावावर होता. ऑगस्ट २०१५ मध्ये गॉल इथे श्रीलंकेविरुद्ध एका कसोटीत आठ झेल. त्याआधीचा सात झेलांचा विक्रम ज्यांनी केला होता त्यांत महाराष्ट्राकडून खेळलेले यजुर्वेंद्र सिंग होते. गॉलची ती कसोटी भारत हरला. दुसऱ्या डावात संघ ११२ धावांत कोसळला आणि त्यात सर्वाधिक ३६ धावा रहाणेच्याच होत्या.

इतके करूनही जागा कधी पक्की झाली नाही. परदेशात खेळण्याचा सर्वांत चांगला अनुभव असलेला हा फलंदाज जानेवारी २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पहिल्या दोन कसोटींना बाहेर होता. दोन्ही कसोट्या गेल्यावर जोहान्सबर्गला घेतले. चेंडू अंगावर उसळणाऱ्या त्या खेळपट्टीवर त्याने ४८ धावा केल्या आणि भारत ६३ धावांनी जिंकला. त्या दौऱ्याच्या सुरुवातीला त्याला बसवणे ही निवडीतली उघड चूक होती.

डिसेंबर २०२०. ॲडलेडला भारत ३६ धावांत गारद, कोहली बाळाच्या जन्मासाठी मायदेशी परतलेला, मोहम्मद शमी जायबंदी. मेलबर्नला संघ रहाणेच्या हाती आला. पहिल्या सकाळी त्याने अश्विनला पहिल्याच तासात गोलंदाजीला आणले. स्टीव्ह स्मिथ शून्यावर बाद झाला, लेग गलीत पुजाराने झेल घेतला. ऑस्ट्रेलिया १९५. मग रहाणेने २२३ चेंडूंत ११२ धावा केल्या, जाडेजाबरोबर १२१ जोडल्या. जाडेजा ४९ वर असताना त्याच्या अर्धशतकाची धाव घेताना रहाणे धावबाद झाला. संतापायला पुरेसे कारण होते. त्याने जाडेजाकडे जाऊन त्याच्या हातमोज्यावर हात टेकवला, खेळत राहा असे सांगितले आणि तंबूकडे निघाला. सामना आठ गड्यांनी जिंकला, विजयी धाव त्याचीच.

त्या कसोटीपासून सामनावीराला मलघ पदक देण्यास सुरुवात झाली आणि पहिला मान रहाणेला मिळाला. जॉनी मलघ हा १८६८ साली इंग्लंडला गेलेल्या ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या संघाचा खंदा खेळाडू. ऑस्ट्रेलियातून परदेशी गेलेला तो पहिलाच क्रिकेट संघ. त्या संघाच्या पट्ट्यावरच्या बकलाची प्रतिकृती म्हणजे हे पदक. बोटीने जाऊन ४७ सामने खेळून आलेल्या माणसांची ती खूण डोंबिवलीहून आलेल्या खेळाडूच्या गळ्यात पडली.

सिडनीला प्रेक्षकांतून महम्मद सिराजवर वर्णद्वेषी शेरेबाजी झाली, तेव्हा रहाणेने पंचांकडे तक्रार नेली आणि खेळ थांबला. ती कसोटी हनुमा विहारी आणि अश्विन यांनी दुखऱ्या अंगाने वाचवली. ब्रिस्बेनला जाईपर्यंत अर्धा संघ जायबंदी झाला होता, नेटमध्ये गोलंदाजी करायला आलेली मुले अंतिम संघात आली होती. गॅबावर ऑस्ट्रेलिया नोव्हेंबर १९८८ नंतर हरला नव्हता, म्हणजे रहाणे पाच महिन्यांचा असल्यापासून. पहिल्या डावात वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावा जोडून डाव सावरला तो शार्दूल ठाकूरने, पालघरहून लोकलने मुंबई गाठत मोठा झालेल्या खेळाडूने. १९ जानेवारी २०२१ रोजी भारताने ३२८ धावांचा पाठलाग पुरा केला आणि मालिका २-१ जिंकली. बक्षीस समारंभात रहाणेने शंभरावी कसोटी खेळलेल्या नेथन लायनला भारतीय खेळाडूंच्या सह्या केलेली जर्सी दिली. माटुंग्याला घरी परतल्यावर शेजाऱ्यांनी केक आणला, त्यावर कांगारू होता. तो कापायला त्याने नकार दिला. कांगारू हा त्या देशाचा राष्ट्रीय प्राणी, जिंकलो तरी दुसऱ्या देशाचा मान ठेवावा, असे त्याचे म्हणणे.

एक वर्षाने, जानेवारी २०२२ मधल्या केपटाऊन कसोटीनंतर, त्याला संघातून वगळले.

आयपीएलमध्ये तो सहा संघांकडून खेळला आहे: मुंबई इंडियन्स, राजस्थान रॉयल्स, रायझिंग पुणे सुपरजायंट, दिल्ली कॅपिटल्स, कोलकाता नाइट रायडर्स आणि चेन्नई सुपर किंग्ज. राजस्थानकडून २०१२ मध्ये बंगळूरविरुद्ध नाबाद १०३, एका षटकात सहा चौकार. पुण्याकडून २०१७ची अंतिम लढत, ४४ धावा आणि मुंबईविरुद्ध एका धावेने हार. २०१९ मध्ये इंग्लिश कौंटीत हॅम्पशायरकडून पहिल्याच सामन्यात आयल ऑफ वाइटवर ११९. नंतर लीस्टरशायरकडूनही तो खेळला.

२०२३ मध्ये चेन्नईने त्याला ५० लाख या मूळ किमतीला घेतले. ८ एप्रिलला वानखेडेवर मोईन अली आजारी पडल्याने ऐनवेळी संधी मिळाली. पिवळ्या जर्सीत, मुंबईविरुद्ध, त्याने २७ चेंडूंत ६१ धावा चोपल्या. १९ चेंडूंत अर्धशतक! पंधरवड्याने ईडन गार्डन्सवर २९ चेंडूंत नाबाद ७१. चेन्नई विजेती ठरली आणि रहाणे पुन्हा कसोटी संघात आला. जूनमध्ये ओव्हलवर जागतिक कसोटी अजिंक्यपद लढतीत त्याने ८९ आणि ४६ धावा केल्या. पहिल्या डावातल्या १०९ धावांच्या भागीत समोर होता शार्दूल ठाकूर. महिन्याभराने वेस्ट इंडीजमध्ये तो उपकर्णधार होता, पण पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीनंतर पुन्हा निवड झाली नाही.

मग तो मुंबईसाठी खेळत राहिला. २०२२-२३ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने सय्यद मुश्ताक अली करंडक प्रथमच जिंकला. २०२३-२४च्या रणजी हंगामात त्याच्या बॅटमधून धावा आटल्या होत्या, पण वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध दुसऱ्या डावात ७३ झाल्या. मुंबईने १६९ धावांनी सामना आणि आपला ४२वा रणजी करंडक जिंकला. ज्या मैदानाने कसोटी दिली नाही, तिथेच हा करंडक त्याने उचलला. ऑक्टोबर २०२४ मध्ये लखनौच्या सामन्यात मुंबईला इराणी करंडक मिळाला, २७ वर्षांनी. रहाणेच्या धावा ९७. त्याच हिवाळ्यात मुश्ताक अली स्पर्धेत ४६९ धावा काढून तो स्पर्धेचा मानकरी ठरला. २०२५ मध्ये कोलकात्याने त्याला परत घेऊन कर्णधार केले.

ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने मुंबईचे कर्णधारपद सोडले, पण खेळ सोडला नाही. ते पद शार्दूल ठाकूरकडे गेले. ऑक्टोबरमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर छत्तीसगडविरुद्ध ३७ वर्षांच्या रहाणेने ३०३ चेंडू खेळून १५९ धावा केल्या.