एक नळी, दोन सिलिंडर आणि सहावे रिकामे घर

१/ १९५३ साली अमेरिकेत काउबॉयपटांची चलती होती. कोल्टने मात्र आपल्या १८७३च्या विख्यात रिव्हॉल्व्हरचे उत्पादन थांबवले होते. ती पोकळी रुगरच्या 'सिंगल-सिक्स'ने भरली. दर बाराला घोडा अंगठ्याने ओढायचा ही रीत जुनीच. काडतूस मात्र स्वस्त,.२२ रिमफायर.

२/ १९५९मध्ये .२२ मॅग्नम आले. त्याचे कवच अधिक लांब व रुंद. म्हणून नळी तीच, सिलिंडर दुसरा.

३/ जुन्या रचनेत मिटलेला घोडा पिनेवर आणि पिन काडतुसावर टेके. हत्यार पडताच बार उडू शके. म्हणून जाणते सहापैकी पाचच घरे भरत. १९७३मध्ये मधला दुवा आला : चाप ओढल्याविना आघात पिनेपर्यंत पोहोचेना.

४/ ही सुधारणा जुन्या हत्यारांतही कंपनी विनामूल्य करून देते. वापरलेले हत्यार घेताना दुसऱ्या सिलिंडरआधी तीच पाहावी.